‘दाखला घेऊन जा’ असं शाळा म्हणते तेव्हा

वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांच्या शाळेबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मुलगा ७ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात दुसरीत. वर्गात ४८ मुलं. जागेवर बसत नाही, बेंचखाली जाऊन बसतो. गेल्या महिन्यात शेजारच्या मुलाला पेन्सिल टोचली. ‘तुम्हीच अर्ज द्या, म्हणजे दाखल्यावर शेरा मारावा लागणार नाही,’ असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. घरी तो इतका त्रास देत नाही. त्याला झेपेल अशी शाळा कशी शोधू? — एक आई, हडपसर

आधी एक करा : तो अर्ज देऊ नका. ‘वैयक्तिक कारणास्तव दाखला मिळावा’ असं तुम्ही लिहून दिलंत की कागदोपत्री शाळेनं मुलाला काढलेलंच नसतं, तुम्ही नेलेलं असतं. शिक्षण हक्क कायदा (२००९) कलम १६ मध्ये स्पष्ट म्हणतो की आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. विनाअनुदानित खासगी शाळाही यातून सुटत नाहीत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हा कायदा लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये ठरवलं. तेव्हा तुमची शाळा कुठल्या प्रकारातली आहे ते आधी पाहा.

शाळेत ‘विचार करून लेखी कळवते’ एवढंच म्हणा आणि त्याच संध्याकाळी ईमेल टाका. आज भेटीत काय सुचवलं गेलं, कोणत्या घटना कोणत्या तारखांना घडल्या आणि शाळेनं आतापर्यंत काय उपाय केले, याची नोंद मागा. सूर साधा ठेवा. कायद्याचं कलम ठाऊक असावं, पण पहिल्याच भेटीत टेबलावर आपटू नये. उद्या सकाळी त्याच बाईंच्या वर्गात मुलाला बसायचं आहे. अगदीच अडलं तर महापालिकेच्या शिक्षण विभागात किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते आणि त्यापुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे.

कायद्यामुळे तुम्हाला वेळ मिळतो, शाळेची मर्जी मिळत नाही. सहा ते आठ आठवडे हाताशी आहेत असं धरा आणि आधी हे शोधा की तो हे *केव्हा* करतो. वर्गशिक्षिकेला दोन आठवडे चार रकान्यांत नोंद ठेवायची विनंती करा : वेळ आणि तास, लगेच आधी काय झालं, त्यानं नेमकं काय केलं, त्यानंतर काय झालं. ‘आज फार त्रास दिला’ या वाक्याचा काही उपयोग नाही. उपयोगाची नोंद अशी दिसते : ‘बुधवार, ११.२०, फळ्यावरच्या सहा ओळी उतरवून घ्यायच्या होत्या. दोन झाल्या. शेजाऱ्यानं वही ओढली. पेन्सिल टोचली. वर्गाबाहेर उभं केलं.’

अशा आठ-दहा नोंदी एकाखाली एक ठेवल्या की बहुतेक वेळा चित्र दिसतं. घटना उतरवून घेण्याच्या तासालाच होत असतील, तर त्याला लिहिणं जड जातंय आणि बाहेर उभं केल्यावर त्याची लिहिण्यातून सुटका होतेय. म्हणजे शिक्षा हेच बक्षीस झालं. उद्या तो पुन्हा टोचणार. घटना रांगेत, जिन्यावर, प्रार्थनेच्या वेळी होत असतील, तर गोंगाट आणि धक्के सोसत नसावेत. मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला होत असतील, तर सकाळी दूध-बिस्किटावर निघालेलं मूल भुकेलेलं असेल. पेन्सिल टोचण्याची कृती तीच, पण तिन्हींना लागणारी शाळा वेगळी. ‘घरी इतका त्रास देत नाही’ हे तुमचं वाक्यही याच नोंदीत धरा. घरी ४८ मुलं नाहीत आणि फळाही नाही.

याच काळात तपासण्या उरका. सुरुवात कान-डोळ्यांपासून. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं की ऐकू कमी येतं आणि ते ‘लक्ष देत नाही’ असं दिसतं; श्रवण चाचणीबरोबर पडद्याची टिम्पॅनोमेट्रीही (पडदा नीट हलतो का याची तपासणी) करून घ्या. झोप विचारात घ्या : या वयाला ९ ते १२ तास लागतात. घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा आदेश राज्य सरकारनं २०२४ मध्ये काढला तो झोपेसाठीच. तुमच्या शाळेची वेळ काय आहे ते बघा. मध्येच काही सेकंद शून्यात बघत राहत असेल तर बालमेंदूविकारतज्ज्ञांना सांगा, तो फिट्सचा एक प्रकार असू शकतो.

मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमनोविकारतज्ज्ञ आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. बुद्ध्यंकासाठी बिने-कामत किंवा नागपूरच्या मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली चाचणी वापरतात. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) निदान करायचं तर लक्षणं एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात, म्हणून प्रश्नावली घरून आणि शाळेतून, दोन्हीकडून भरून यायला हवी. फक्त आईनं भरलेल्या कागदावर कुणी अर्ध्या तासात निदान लिहून देत असेल तर दुसरं मत घ्या. खर्च परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते आणि पुढच्या चाचण्यांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. पुण्यात ससून रुग्णालयही आहे. अहवालासोबत ‘शाळेसाठी सूचना’ असं एकच पान वेगळं मागा. चौदा पानी अहवाल वर्गात कुणी वाचत नाही.

वर्गात बदल मागताना तीनच मागा. पुढचा, कडेचा बाक, दाराखिडकीपासून लांब. फळ्यावरून निम्मंच लिहायचं, उरलेलं छापील चिकटवायचं. आणि दर वीस मिनिटांनी उठायचं हक्काचं काम : डस्टर आणणं, वह्या स्टाफरूमला नेणं. चार आठवड्यांनी पुन्हा भेटायची तारीख तिथंच ठरवा. दोन उपाय हमखास फसतात. एक, ‘दिवसभर शहाण्यासारखं वागलास तर स्टार’. सात वर्षांच्या मुलाला दिवस फार लांब असतो, स्टार तासाला हवा. दुसरा, शिक्षा म्हणून पीटीचा तास किंवा मधली सुट्टी बंद करणं. ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज, त्याचीच हालचाल कापली की पुढचा तास हातचा गेलाच म्हणून समजा.

घटना निम्म्यावर आल्या तर शाळा बदलू नका. शाळेनं काहीच केलं नाही, किंवा बाईंचं मन उठलंय हे स्पष्ट दिसलं, तर बदला. पण क्रम सोडू नका. नव्या शाळेत जागा लेखी पक्की, मगच जुनीकडून दाखला.

कुठली शाळा? तुमच्या वर्णनावरून ३० च्या आसपास मुलांचा वर्ग, बहुतेक तास एकाच शिक्षिकेचे, मोठा व्हरांडा किंवा मैदान आणि उतरवून घेणं कमी. पहिली ते पाचवीला कायद्याचं प्रमाणच ३० मुलांमागे एक शिक्षक असं आहे. असा वर्ग पुष्कळदा महापालिकेच्या किंवा अनुदानित मराठी शाळेत सापडतो, आणि पालक तिथं पाऊलही टाकत नाहीत. घरी मराठीच बोलत असाल आणि वर्गातलं इंग्रजी त्याच्या डोक्यावरून जात असेल, तर ‘वर्तन’ म्हणून दिसणारं बरंचसं न समजण्यातून आलेलं असतं. माध्यम बदलण्याचं नाव काढलं की घरात वाद होतील; तरी चाचणीत वाचन मागे निघालं तर हा वाद घालण्याजोगा आहे.

प्रश्न : मुलगी ५ वर्षांची, ऑटिझम. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलते. मोठा आवाज झाला की कान झाकून किंचाळते आणि पळत सुटते. थेरपिस्ट म्हणतात नेहमीच्या शाळेत घाला, घरचे म्हणतात विशेष शाळा. शाळा बघायला गेल्यावर काय बघायचं? — वडील, नाशिक

निदानाच्या नावावरून शाळा ठरवू नका. तीन गोष्टी घरी आणि थेरपीत तपासा. सगळ्यांना मिळून दिलेली सूचना, म्हणजे ‘चला, सगळ्यांनी डबे काढा’, तिच्यापर्यंत पोचते का? शूला जायचंय हे ती कशीही, खुणेनंसुद्धा, सांगते का? पळाली तर हाकेनं थांबते का? पहिली गोष्ट अजिबात होत नसेल, तर चाळीस मुलांच्या वर्गात तिचा दिवस नुसता बाकावर जाईल. तेव्हा एक-दोन वर्षं विशेष शाळा किंवा केंद्र, पण पुढे नेहमीच्या शाळेत न्यायचं हे ध्येय आणि त्याची तारीख लेखी ठरवून. थोडं थोडं होत असेल, तर सकाळी बालवाडी आणि दुपारी केंद्र असं अर्धं-अर्धं चालतं. पहिलीचं वय ६ आहे, म्हणजे तुमच्या हातात जवळजवळ एक वर्ष आहे.

कायद्यानं निवड तुमचीच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येतं. दिव्यांग प्रमाणपत्राचं काम आत्ताच केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर सुरू करा. वैद्यकीय बोर्डापुढची तारीख मिळायला वेळ लागतो.

शाळा बघायला ‘ओपन हाऊस’च्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी सगळ्याच शाळा गोड असतात. साध्या मंगळवारी-बुधवारी, मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी पोचा. घंटा पितळी आहे की विजेची कर्कश? प्रार्थना लाऊडस्पीकरवर की वर्गात? वर्गापासून फाटक किती पावलांवर आणि तिथं माणूस सतत असतो की चहाला जातो? रडणाऱ्या मुलाला नेतात ती जागा दाखवा म्हणा. ती चटईचा कोपरा आहे की ऑफिसबाहेरचं बाकडं, यावरून पुष्कळ कळतं. मग विचारा : गेल्या वर्षी एखादं मूल वर्गातून पळालं किंवा चावलं, तेव्हा काय केलंत? ‘आमच्याकडे असं होतच नाही’ म्हणणाऱ्या शाळेपेक्षा ‘दोनदा झालं, मग आम्ही जिन्याला दार लावलं’ म्हणणारी शाळा केव्हाही बरी.

विशेष शिक्षिका असतील तर रोज येतात की आठवड्यातून एकदा, आणि किती मुलं सांभाळतात ते विचारा. प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक असं प्रमाण सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये घालून दिलं आहे. सरकारी शाळेत समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक गटसाधन केंद्रातून फिरतीवर येतात. ते तुमच्या शाळेत कुठल्या वारी येतात हे केंद्रात जाऊनच विचारा. विशेष शाळा बघताना मान्यता आहे का ते तपासा, आणि मुलं काय करत आहेत ते पाहा. मणी ओवणं आणि ठोकळे रंगवणंच तासभर चाललं असेल तर बाहेर पडा. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेरच्या आयांशी आणि रिक्षावाल्या काकांशी बोला. तिथं खरं कळतं.

रिक्षा-व्हॅनचा विचार आधी करा, नंतर नको. बारा मुलांच्या व्हॅनमध्ये पाऊण तास हॉर्न ऐकून आलेली मुलगी प्रार्थनेआधीच थकलेली असते. अर्ध्या तासाच्या आतली साधी शाळा लांबच्या नावाजलेल्या शाळेपेक्षा तिला मानवेल.

निदान लपवू नका. लपवलं तर पहिल्या किंचाळीला शाळेला फसवल्यासारखं वाटतं, आणि मग मदतीचा विषयच निघत नाही. प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची मुलाखत घेऊन गाळणी लावणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रवेश झाला की सुट्टीतच तिला रिकामी शाळा दाखवून आणा, फोटो काढा, घरी रोज बघा. पहिल्या आठवड्यात प्रार्थना संपल्यावर सोडा आणि दीड तासानं आणा. दर आठवड्याला अर्धा तास वाढवा. कान झाकायचे हेडफोन दप्तरात असू द्या. इथं एक फसगत नेहमी होते : ‘तात्पुरता’ दीड तास मार्चपर्यंत तसाच राहतो. पूर्ण वेळ कधीपासून, ती तारीख लिहून घ्या.

शॅडो टीचर (वर्गात फक्त तुमच्या मुलीसाठी बसणारी मदतनीस) ठेवायची म्हणाली शाळा, तर खर्च बहुधा तुमच्याच माथी येईल, म्हणून अटीही तुम्ही घाला. तिनं मुलीच्या शेजारी नाही, मागे बसायचं. सूचना वर्गशिक्षिकेनंच द्यायची. दर तिमाहीला एक तास तरी तिच्याशिवाय. नाहीतर सगळी शाळा मुलीशी शॅडोमार्फतच बोलते आणि वर्गात राहूनही ती वर्गाबाहेरच उरते.

प्रश्न : एडीएचडीसाठी दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का? दहावीला जादा वेळ? — एक शिक्षक, लातूर

२०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं नाव नाही, त्यामुळे एकट्या एडीएचडीवर प्रमाणपत्र मिळत नाही. पण या मुलांत अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) बऱ्याचदा जोडीनं असते आणि ती यादीत आहे. तिचं प्रमाणपत्र वयाची आठ वर्षं होण्याआधी देत नाहीत. राज्य मंडळाची दर तासाला २० मिनिटं जादा वेळेची सवलत त्यावर मिळते. कागद नववीच्या सुरुवातीलाच तयार ठेवा. दहावीच्या डिसेंबरात धावपळ करणाऱ्यांची तारीखच लागत नाही. वर्गातला कडेचा बाक आणि निम्मं लिखाण याला मात्र कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही, हे सहकाऱ्यांनाही सांगा.

प्रश्न : नातू १२ वर्षांचा, सातवीत. शाळा बुडवतो, उलट बोलतो, मोबाईल काढून घेतला की वस्तू फेकतो. सगळे म्हणतात सैनिकी शाळेत किंवा हॉस्टेलला टाका, सुतासारखा सरळ होईल. — आजी, कराड

आजी, होत नाही. सैनिकी शाळा तयारीची, हौसेची मुलं घेतात. बिघडलेल्यांना वळण लावणं हे त्यांचं कामच नाही. हॉस्टेलवर रात्री आठनंतर शिस्त वॉर्डनची कमी आणि वरच्या वर्गातल्या मुलांची जास्त असते. तिथं नातू गप्प झाला तरी तो घाबरून. राग आवरायला कुणी शिकवलेलं नसतं. दिवाळीच्या सुट्टीत तोच मुलगा परत येतो, आणि ‘मला टाकून दिलं’ ही अढी वर.

आधी हजेरीपट मागा आणि बुडवलेल्या दिवसांशेजारी वेळापत्रक ठेवा. ठरावीक वार निघाले तर त्या वारचा विषय, ते सर किंवा तो पीटीचा तास, यात काहीतरी आहे : वाचन कच्चं असेल, मारहाण होत असेल, कुणी पैसे मागत असेल. पाचवी-सहावीला विषयशिक्षक बदलतात, लिखाण वाढतं, तेव्हा चौथीपर्यंत झाकलेली अध्ययन अक्षमता उघडी पडते. त्याचे मित्र कोण आणि खिशात गुटखा-तंबाखू आहे का, तेही शांतपणे पाहा.

मोबाईल रागाच्या भरात हिसकावू नका. रात्री साडेनऊला घरातल्या सगळ्यांचे फोन एकाच जागी चार्जिंगला, तुमचाही. आईनं नाही म्हटलं आणि आजीनं हळूच दिला, तर नियम तिथंच मेला. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा काढली किंवा हातात हत्यार घेतलं, तर शाळेचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी बालमनोविकारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

घरात दारू किंवा मारहाण आहे, किंवा जवळ शाळाच नाही, अशा वेळी हॉस्टेल योग्य ठरतं. तेव्हा विचारायचं ते असं : एका वॉर्डनमागे मुलं किती, रात्री खोल्यांवर कोण फिरतं, घरी फोन किती वेळा, गोळ्या चालू असतील तर कोण देतं, आणि कशासाठी मुलाला घरी पाठवतात.

प्रश्न : न्यू जर्सीहून उन्हाळ्यात पुण्याला कायमचे परततो आहोत. मुलगा ९ वर्षांचा, तिथं त्याची आयईपी (खास त्याच्यासाठी आखलेली शिक्षण योजना) आहे, वर्गात मदतनीस आहे. इथं ते चालेल का? — एक पालक

आयईपी हा अमेरिकी कायद्याखालचा दस्तऐवज आहे. इथल्या शाळेवर तो बंधनकारक नाही. तिथल्या मदतनिसासारखं माणूस इथं शाळा पुरवेल असंही धरून चालू नका. स्वतः ठेवायला परवानगी देते का, ते लेखी विचारा.

उपयोग मात्र पुष्कळ आहे. तिथं पूर्ण मूल्यमापन किमान दर तीन वर्षांनी व्हावं लागतं. ते यंदा-पुढल्या वर्षी यायचं असेल तर निघण्यापूर्वीच मागून घ्या, इथं त्याला बराच खर्च येतो. मूल्यमापनाचे गुण, वर्तन योजना आणि वर्गातल्या सवलतींचं पान हे तीन कागद वेगळे काढा. इथं दाखवायला त्यांचं एकच पान करा : तो कशानं बिथरतो, बिथरण्याआधी कसा दिसतो, आणि तेव्हा मोठ्यांनी काय केलं की शांत होतो. चाळीस पानांची फाईल बघून मुख्याध्यापक दचकतात, हे एक पान वर्गशिक्षिका टेबलाच्या काचेखाली ठेवते.

सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, राज्य मंडळाच्या जूनच्या मध्यावर. जागा त्याआधीच भरतात, म्हणून पत्रव्यवहार जानेवारीत सुरू करा. तुमच्या मुलासाठी जूनची शाळा सोयीची. येऊन झोपेची वेळ बसायला आणि रिकामी शाळा पाहायला अवधी मिळेल. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. त्याला देवनागरी येत नसेल तर पहिलं वर्ष तोंडी मराठीवर भर आणि लेखी कमी, असं प्रवेशाच्या वेळीच मागा. ऑगस्टच्या घटक चाचणीत कोरा पेपर पडल्यावर मागितलं, तर तोवर त्याच्या नावावर ‘ऐकत नाही’ असा शेरा बसलेला असतो.